गुडघेदुखीवर अ‍ॅक्युपंक्चर: जर्मनी ‘हो’ म्हणतं, ब्रिटन ‘नाही’, मग रुग्णाने काय करायचं?

गुडघ्याभोवती टोचलेल्या सात-आठ बारीक सुया, त्यांना जोडलेल्या वायरी आणि पुढच्याच दृश्यात कठड्याला न धरता जिना चढणाऱ्या आजी. अशा रील्स सध्या सतत समोर येतात. खाली प्रतिक्रियांमध्ये साधारण दोन गट असतात. एक गट ‘पत्ता पाठवा’ म्हणतो, दुसरा ‘सगळं थोतांड आहे’ म्हणून मोकळा होतो.

गंमत म्हणजे जगातल्या मोठ्या वैद्यकीय संस्थांचंही यावर एकमत नाही. जर्मनीत गुडघ्याच्या संधिवातावर अ‍ॅक्युपंक्चर केलं, तर २००७पासून सार्वजनिक आरोग्य विमा त्याचे पैसे देतो. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी ‘नाइस’ ही संस्था मात्र २०२२मध्ये स्पष्ट म्हणाली की, झिजेच्या संधिवातावर अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९च्या मार्गदर्शक तत्त्वांत गुडघा, खुबा आणि हाताच्या सांध्यांसाठी त्याची शिफारस केली, पण ‘सशर्त’.

तिघांसमोर जवळपास तेच अभ्यास होते. तरीही उत्तरं वेगळी आली, कारण तिघांनी विचारलेले प्रश्न वेगळे होते. त्यातला नेमका कोणता प्रश्न आपला, हे कळलं की घरातल्या दुखऱ्या गुडघ्याबद्दलचा निर्णय बराच सोपा होतो.

खऱ्या सुया, खोट्या सुया

सुरुवात जर्मनीपासून करावी लागते. या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या विमा संस्थांसमोर अडचण होती. लोक अ‍ॅक्युपंक्चर मागत होते, पण पैसे द्यायचे तर पुरावा हवा होता. म्हणून त्यांनी स्वतःच मोठे अभ्यास करून घेतले. त्यातला गुडघ्यांवरचा अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,००७ रुग्ण होते आणि त्यांचे तीन गट पाडले होते.

पहिल्या गटाला चिनी परंपरेतल्या बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्या गटालाही सुया टोचल्या, पण वरवर आणि परंपरेत ज्यांना काही अर्थ नाही अशा जागी. आपल्याला खरं अ‍ॅक्युपंक्चर मिळतंय की बनावट, हे या दोन्ही गटांतल्या रुग्णांना सांगितलं नव्हतं. तिसऱ्या गटाला सुया नव्हत्याच. त्यांनी नेहमीप्रमाणे डॉक्टरांकडे जायचं. फिजिओथेरपी आणि गरज पडली तर वेदनाशामक गोळ्या तिन्ही गटांना खुल्या होत्या.

सहा महिन्यांनी मोजणी झाली. दुखणं आणि हालचाल मिळून किमान ३६ टक्के सुधारणा झाली तर उपचार यशस्वी मानायचा, असं आधीच ठरलं होतं. खऱ्या सुयांच्या गटात ५३.१ टक्के रुग्ण या कसोटीला उतरले. बनावट सुयांच्या गटात ५१ टक्के. आणि सुया न मिळालेल्या गटात फक्त २९.१ टक्के.

हे तीन आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. सुई नेमकी कुठे टोचली, याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही. पण टोचली की नाही, याने मोठा फरक पडला. कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या जर्मन अभ्यासातही चित्र तसंच दिसलं: ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के.

आता विमा संस्थेच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने याचा अर्थ काय लावायचा? जर्मनीतल्या निर्णय समितीचा विचार व्यवहारी होता. सध्याच्या उपचारांनी चारातल्या एका रुग्णाला धड बरं वाटतंय, सुयांनी निम्म्यांना वाटतंय, मग पैसे द्या. गुडघा आणि कंबर या दोन दुखण्यांपुरती मंजुरी मिळाली.

‘नाइस’चा प्रश्न वेगळा होता. बनावट उपचारापेक्षा खऱ्या उपचाराने रुग्णाला जाणवेल इतका जास्त फायदा होतो का? गोळीसाठी हाच निकष लावतात, तर सुयांसाठी का नको? या निकषावर झिजेच्या संधिवातात अ‍ॅक्युपंक्चर कमी पडलं. २०१४मध्येही आणि २०२२मध्येही.

पण हीच ‘नाइस’ २०२१मध्ये वेगळंही बोलली आहे. ज्या जुनाट दुखण्याचं स्पष्ट कारण सापडत नाही, जसं अंगभर दुखत राहणारा फायब्रोमायल्जिया, त्यासाठी अ‍ॅक्युपंक्चरचा एक मर्यादित कोर्स विचारात घ्यावा, असं तिने सांगितलं. म्हणजे संस्था एकच, सुयाही त्याच, दुखणं बदललं की सल्ला बदलला. ‘ब्रिटनने अ‍ॅक्युपंक्चर नाकारलं’ आणि ‘ब्रिटनने अ‍ॅक्युपंक्चर स्वीकारलं’ ही दोन्ही वाक्यं समाजमाध्यमांवर फिरतात, ती यामुळेच.

शंभरापैकी किती?

टक्केवारीपेक्षा एक साधं गणित जास्त उपयोगी पडेल. २०१२मध्ये संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २९ चांगल्या अभ्यासांमधली १७,९२२ रुग्णांची मूळ माहिती एकत्र करून तपासली. त्यात पाठ-मान, खांदा, डोकेदुखी आणि झिजेचा संधिवात अशी जुनी दुखणी होती. निष्कर्ष समजावताना त्यांनी एक उदाहरण दिलं. समजा शंभराच्या मापावर दुखणं ६० आहे. सुया न घेतलेल्यांचं दुखणं काही काळाने ४३वर येईल, बनावट सुया घेतलेल्यांचं ३५वर आणि खऱ्या सुया घेतलेल्यांचं ३०वर.

काहीही न करता ६०चे ४३ झाले, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. जुनं दुखणं भरती-ओहोटीसारखं असतं. माणूस डॉक्टरकडे किंवा सुयांकडे जातो तो भरतीच्या वेळी, सहन होईनासं झाल्यावर. त्यानंतर थोडा उतार आपोआपच पडतो. ‘सुया लावल्या आणि बरं वाटलं’ या अनुभवात हा उतारही धरलेला असतो. अनुभव खोटा नसतो, पण त्याचं सगळं श्रेय सुईचं नसतं.

पुढच्या ४३ ते ३० या टप्प्यात १३ गुणांचा फरक आहे. तो रुग्णाला जाणवतो. त्यातले आठ गुण बनावट सुयांनीही मिळतात, उरलेले पाच खऱ्या सुयांचे. याच गटाने २०१८मध्ये आणखी अभ्यास जोडून आकडेमोड पुन्हा केली, तेव्हाही चित्र साधारण तेच राहिलं. शिवाय उपचार संपल्यावर वर्षभराने फायद्यातला बराचसा भाग टिकून होता, असंही दिसलं.

सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. २०१४मध्ये ऑस्ट्रेलियात पन्नाशीच्या पुढच्या २८२ जणांवर झालेल्या अभ्यासात एक हुशारी केली होती. ज्यांना काहीच उपचार मिळणार नव्हते, त्यांना आपण अ‍ॅक्युपंक्चरच्या प्रयोगात आहोत हे सांगितलंच नव्हतं. ‘आपल्याला सुया मिळाल्या नाहीत’ ही नाराजी त्यांच्या उत्तरांत उतरणार नव्हती. या अभ्यासात १२ आठवड्यांनी सुयांचा माफक फायदा दिसला, बनावट उपचारापेक्षा जास्त दिसला नाही आणि वर्षभराने तोही ओसरला. उलट चीनमध्ये ४८० रुग्णांवर झालेल्या, २०२१मधल्या अभ्यासात विजेच्या सौम्य प्रवाहासह दिलेल्या सुयांनी ६०.३ टक्के रुग्णांना गुण आला, बनावट सुयांनी ४७.३ टक्के. मात्र तिथे आठ आठवड्यांत २४ सिटिंग झाली होती. आठवड्यातून तीनदा, दोन महिने. गुडघे दुखत असताना रिक्षाने किंवा एसटीने इतक्या वेळा जाणं किती जणांना जमेल, हा हिशेब अभ्यासात नसतो. घरी करावा लागतो.

म्हणजे हे सगळं मनाचे खेळ?

‘प्लसिबो’ हा शब्द आला की रुग्णाला वाटतं, आपल्याला खोटारडं ठरवलं. तसं नाही. वेदना गुडघ्यातून निघते, पण किती दुखतंय हे मज्जारज्जू आणि मेंदू ठरवतात. कोणीतरी अर्धा तास लक्ष देतं, हात लावतं, शांत पडून राहायला सांगतं, त्वचेला सुईची हलकी टोच बसते. या सगळ्याने वेदनेचा आवाज खाली येऊ शकतो. शरीर स्वतःची वेदनाशामक रसायनं सोडतं, हे १९७०च्या दशकापासूनचे प्रयोग दाखवत आले आहेत. २०१०मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात सुईच्या जागी अ‍ॅडिनोसिन नावाचं वेदना कमी करणारं रसायन वाढलेलं आढळलं.

पण यातून ‘ची’ नावाची ऊर्जा शरीरातल्या ठरावीक वाहिन्यांमधून वाहते, हा पारंपरिक सिद्धांत सिद्ध होत नाही. तसं असतं तर चुकीच्या जागी टोचलेल्या सुयांनी निम्म्या लोकांना बरं वाटलं नसतं. आणि रील्समध्ये हमखास येणारं ‘गुडघ्याचं वंगण परत येतं’ हे वाक्य तर सरळ सोडून द्यावं. सुयांनी झिजलेली कूर्चा पुन्हा भरून येते, याला विश्वासार्ह पुरावा नाही. दुखणं कमी होणं आणि सांधा दुरुस्त होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरं फिरणारं वाक्य म्हणजे ‘डब्ल्यूएचओने मान्यता दिली आहे’. त्याचं मूळ २००३च्या एका अहवालात आहे. अ‍ॅक्युपंक्चर प्रभावी असल्याचं चाचण्यांतून सिद्ध झालंय, अशा २८ आजार-तक्रारींची यादी त्यात होती. गुडघेदुखीही त्यात होती आणि आमवातही. पण तो अहवाल १९९९च्या सुरुवातीपर्यंतच्या अभ्यासांवर आधारलेला होता. वर सांगितलेले सगळे मोठे अभ्यास त्यानंतरचे.

सोलापूर ते कोलकाता

ही पद्धत भारतात आली त्या गोष्टीत महाराष्ट्राचाही धागा आहे. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते, तसेच कोलकात्याचे डॉ. बिजय कुमार बसूही होते. कोटणीसांचं १९४२मध्ये चीनमध्येच निधन झालं. बसू परतले, १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. कोटणीस स्वतः शल्यचिकित्सक होते. तरी त्यांच्या स्मृतीत काम करणाऱ्या मंडळींनी ही पद्धत पसरवल्यामुळे त्यांचं नाव आज अ‍ॅक्युपंक्चरशी जोडलं गेलं आहे.

कायद्याच्या बाबतीत पश्चिम बंगालने १९९६मध्ये पुढाकार घेतला. महाराष्ट्राचा अ‍ॅक्युपंक्चर चिकित्सा पद्धती कायदा २०१५चा आहे. त्यानुसार राज्यात अ‍ॅक्युपंक्चर परिषद आहे आणि व्यावसायिकांची नोंदणी होते. म्हणून सुया टोचणाऱ्याला ‘तुमची नोंदणी कुठे आहे?’ असं विचारणं हा आगाऊपणा नाही. नोंदणी म्हणजे गुण येण्याची हमी नव्हे, पण समोरच्याने काही शिक्षण घेतलंय आणि तक्रार करायची झाली तर दार आहे, एवढं तरी त्यातून कळतं.

खरा धोका सुईत नाही

सुई तशी सुरक्षित आहे. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांची नोंद ठेवली गेली, तेव्हा ८.६ टक्के रुग्णांनी काही ना काही त्रास सांगितला. त्यात बहुतेक थोडं रक्त येणं, काळं-निळं पडणं किंवा टोचल्या जागी दुखणं. फुप्फुसाला इजा होऊन छातीत हवा साचण्याचा गंभीर प्रकार दोन जणांच्या बाबतीत घडला. सुया एकदाच वापरून फेकायच्या आणि आपल्यासमोर पाकीट फोडून काढलेल्या असाव्यात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, पेसमेकर बसवला असेल, मधुमेहाने पाय बधिर झाले असतील किंवा गुडघ्याचा सांधा बदललेला असेल, तर ते आधी सांगायला हवं. पेसमेकर असताना सुयांना वीज जोडू द्यायची नाही.

खरा धोका आहे तो चुकीच्या दुखण्यावर महिनोन् महिने सुया घेत राहण्याचा.

मराठीत आपण ‘संधिवात’ हा एकच शब्द अनेक आजारांना वापरतो. वयानुसार, वजनामुळे किंवा जुन्या दुखापतीने सांधा झिजतो तो एक प्रकार. ज्याला अनेक जण आमवात म्हणतात, तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस पूर्णपणे वेगळा आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. सकाळी उठल्यावर हात तासभर आखडलेले राहतात, दोन्ही हातांच्या बोटांचे छोटे सांधे सुजतात, थकवा येतो. स्त्रियांमध्ये तो जास्त दिसतो आणि अगदी तिशी-चाळिशीतही होतो. घरकामाने हात दुखतात असं म्हणून तो अंगावर काढला जातो.

या आजारात पहिले काही महिने फार मोलाचे असतात. मेथोट्रेक्सेटसारखी औषधं वेळेवर सुरू झाली तर सांध्यांची मोडतोड थोपवता येते. उशीर झाला तर बोटं वाकडी होतात आणि ती पुन्हा सरळ होत नाहीत. सुयांनी या काळात दुखणं कमी झालं तर? रुग्णाला वाटतं आजार हटतोय, आणि आत सांधा झिजत राहतो. उतार पडल्यानेच नुकसान होतं, अशी ही विचित्र स्थिती आहे. अमेरिकी संघटनेने २०२२मध्ये आमवातासाठीही अ‍ॅक्युपंक्चरची सशर्त शिफारस केली आहे, पण ती औषधांच्या जोडीला. औषधांऐवजी नाही. ‘गोळ्या बंद करा, शरीर आपोआप बरं होईल’ असं कोणी म्हणालं, तर तिथून उठून यावं. सुयांसोबत नाव-गाव नसलेली पुडी मिळत असेल तर तीही घेऊ नये. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड निघाल्याचे प्रकार भारतात नवे नाहीत.

एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप असेल, तर तो सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो. त्या दिवशी सुया नाहीत, थेट रुग्णालय.

मग कोणी करून पाहावं?

झिजेचाच संधिवात आहे हे डॉक्टरांकडून पक्कं झालं असेल, तर उत्तर रुग्णागणिक बदलतं. किडनी कमजोर आहे, अल्सर होऊन गेलाय किंवा हृदयाच्या त्रासामुळे डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या बंद केल्यात, अशा सत्तरीच्या माणसाकडे पर्याय थोडे उरतात. त्याच्यासाठी थोडासा पण सुरक्षित आराम ही मोठी गोष्ट आहे. तो बनावट सुयांनीही मिळाला असता, या माहितीने त्याची रात्रीची झोप बदलत नाही.

ज्याने अजून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरूच केले नाहीत, त्याने मात्र आधी तिकडे वळावं. व्यायामाबद्दल ब्रिटन आणि अमेरिकेच्या मार्गदर्शक तत्त्वांत वाद नाही. वजनाचंही तसंच: जाड व्यक्तीचं वजन एक किलोने घटलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, असं एका अभ्यासात मोजलं गेलंय. अडचण एवढीच की पाय दुखत असताना व्यायाम सुचत नाही. तिथे सुयांचा उपयोग होऊ शकतो. महिना-दीड महिना दुखणं जरा आटोक्यात आणायचं आणि तेवढ्यात फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून अंगवळणी पाडायचा.

करून पाहायचं ठरलं, तर पहिल्या सिटिंगच्या आधी वहीत चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: न थांबता किती मिनिटं चालता येतं, किती पायऱ्या चढता येतात, रात्री किती वेळा जाग येते, आठवड्यात किती गोळ्या लागतात. सहा-सात सिटिंगनंतर हीच मोजणी पुन्हा करायची. वीस सिटिंगचं पॅकेज आगाऊ पैसे भरून घेण्यात रुग्णाचा काही फायदा नाही. अमेरिकेतली ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना २०२०पासून जुनाट कंबरदुखीवरच्या अ‍ॅक्युपंक्चरचे पैसे देते, पण ९० दिवसांत १२ सिटिंगपर्यंतच. सुधारणा दिसली तर आणखी आठ, नाही दिसली तर उपचार बंद. हा नियम घरीही लावता येतो.

‘ऑपरेशन टळेल का?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात निघतो. अभ्यासांनी मुख्यतः दुखणं आणि हालचाल मोजली आहे. सुयांमुळे सांधा बदलण्याची वेळच येत नाही, असं त्यातून सांगता येत नाही. पाय बाहेरच्या बाजूला वाकत चालला असेल, बसल्या जागीही ठणकत असेल, घरातल्या घरात चालायला आधार लागत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाची भेट सिटिंग संपेपर्यंत पुढे ढकलू नये. सुया चालू असतानाच एक्स-रे काढून दाखवता येतो.